पोरांच्या घोळक्यात उभं राहून हातातली जादू करायची म्हणजे

परवा रंकाळ्यावर एक कॉलेजचा पोरगा भेटला, म्हणला दादा मला पण बड्डे पार्ट्यांना जादू करायची आहे, ऑनलाईन किट मागवलंय, शंभर ट्रिका आहेत त्यात. म्हणलं भावा, त्यातल्या सत्त्याण्णव माळ्यावर टाक आणि तीन घेऊन वर्षभर बस. त्याला वाटलं मी चेष्टा करायलोय. तर ज्याला खरंच करायचं आहे त्याच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण स्टेजवरची जादू आणि लग्नात, बारशात, बड्डेला पोरांच्या मधोमध फिरत करायची जादू यात लई फरक आहे आणि हे त्या किटच्या डब्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

आपल्याकडं जादूगार म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर फेटा, पेटी आणि करवत येते. बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांचा १९५६ चा किस्सा जादूवाल्यांत सगळ्यांना माहीत आहे, बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला करवतीनं मधोमध कापलं आणि नेमकी कार्यक्रमाची वेळ संपली म्हणून प्रक्षेपण तिथंच तुटलं, मुलगी गेली समजून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन लावले. मोठ्यांच्या बाबतीत ही पब्लिसिटी, पण पाच वर्षाच्या पोराच्या बाबतीत हाच रडारडीचा कार्यक्रम होतो. त्याचा रुमाल गायब केला तर तो परत त्याच्या हातात देईपर्यंत दुसरं काही काढायचं नाही. त्याच्या ताईच्या ओढणीला गाठ मारली तर सोडवून दाखवायची. फाडलेलं जोडायचं, गेलेलं आणायचं, आणि मग पुढच्या घोळक्याकडं निघायचं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला पहिली दोन वर्षं कळलीच नव्हती. पोरांची नजर तुमच्या कमरेला असते! मोठ्या माणसासमोर नाणं बोटांच्या मुळाशी लपवून हात सैल सोडला तर काही दिसत नाही, पण चार वर्षाचं पोर खालून वर बघत असतं, त्याला तुमचा तळहात आरशासारखा स्वच्छ दिसतो. मी एका रिसेप्शनला अंगठ्यावर घालायची ती प्लास्टिकची टोपी वापरून रुमाल गायब केला, आईबाप टाळ्या वाजवायलेत आणि खालनं आवाज, "काका तुमचं बोट निघालंय." त्या दिवशी घरी जाऊन आरसा फरशीवर ठेवला आणि त्यात बघत प्रॅक्टिस सुरू केली. तुम्ही पण तेच करा, भिंतीवरचा आरसा नुसता चेहरा बघायला.

यावर उपाय सोपा, गुडघा टेकून खाली बसायचं. जुने रस्त्यावरचे खेळवाले जमिनीवर मांडी घालूनच बसायचे ना, त्यांच्या त्या गोळ्या गायब करायच्या वाट्यांना वर बोटात धरायला बोंडं असायची आणि बघणारे वरनं वाकून बघायचे, म्हणजे सगळी नजर वरनं खाली, हाताची खालची बाजू कुणाला दिसायचा संबंधच नाही. त्यांना हे कुणी शिकवलं असेल देव जाणे पण पक्कं होतं. आपण बसताना मात्र पाठीमागं भिंत किंवा खांब बघून बसायचं, नाहीतर एक तरी गडी पाठीवर चढून खिशात हात घालतोच. काही हॉलमध्ये खांबांना आरसे लावलेले असतात, त्या खांबाला पाठ करून कधीच बसू नका.

आता तीन ट्रिका कुठल्या. माझं उत्तर ठरलेलं आहे, स्पंजचे बॉल, रबर आणि एक नाणं. पत्ते नकोत, सात वर्षाच्या पोराला बदाम आणि इस्पिक यातच गोंधळ असतो आणि काही आजोबांना पोरांच्या हातात पत्ते दिसलेले आवडत नाहीत.

स्पंजच्या बॉलवर माझं अर्ध घर चालतं असं म्हणलं तरी चालेल. दोन बॉल दाखवायचे, लालभडक. एक उजव्या हातानं उचलून डाव्यात ठेवल्यासारखं करायचं पण तो उजव्यातच बोटांच्या मुळाशी ठेवायचा. डाव्या हाताची मूठ मिटायची आणि नजर पण डाव्या मुठीवरच ठेवायची, नजर उजवीकडं गेली की मेलात, पोरं हाताकडं नाही डोळ्यांकडं बघत असतात. मग त्याच उजव्या हातानं दुसरा बॉल उचलायचा, दोन्ही एकत्र दाबले की एकच वाटतो, आणि तो पोराच्या तळहातात अगदी आत ठेवून त्याला बोटं मिटायला लावायची. इथं घाई करू नका. पोराला सांगायचं, "चिमणी आहे आत, घट्ट धर, उडाली तर आई ओरडेल." तो जिवाच्या आकांतानं धरतो. मग तुमच्या डाव्या मुठीवर फुंकर घालायला सांगायचं, मूठ उघडली तर रिकामी, आणि आता त्याला म्हणायचं तुझी उघड. दोन बॉल फटकन फुगून बाहेर येतात ना, त्या क्षणी पोराचं तोंड बघायचं. जादू तुमच्या हातात झालीच नाही, त्याच्या हातात झाली, आता तो चार दिवस शाळेत सांगत फिरणार.

दोन बारीक गोष्टी. बाजारात दोन इंची बॉल जास्त मिळतात, ते पहिलीतल्या पोराच्या मुठीत मावत नाहीत आणि बोटांच्या फटीतनं लाल काहीतरी डोकावतं, म्हणून दीड इंची घ्या. आणि पोर मध्येच मूठ उघडणारच, दहातले दोनतीन उघडतातच, तेव्हा "आरं थांब" म्हणून ओरडायचं नाही, तिथंच "बघा, चिमणीनं अंडं दिलं!" म्हणून टाकायचं आणि जादू झाली म्हणून टाळी घ्यायची. पोरांना पुढं काय होणार होतं हे कुठं माहीत असतं.

एक चूक माझी ऐकून ठेवा. सुरुवातीला मी बॉलला रसगुल्ला म्हणायचो, लई हशा यायचा. एका बड्डेला एका छकुलीनं तो सरळ तोंडात घातला आणि चावायला लागली. नशीब तिची आजी शेजारीच होती, तिनं बोट घालून काढला. तेव्हापासून कुठल्याही वस्तूला खायच्या पदार्थाचं नाव द्यायचं नाही, गुळाचा खडा नाही, पेढा नाही, चॉकलेट नाही. तीन वर्षाच्या आतल्या पोराच्या हातात बॉल किंवा नाणं द्यायचंच नाही, त्याला रंगीत रुमाल हलवून दाखवा, तेवढ्यात तो खूष. छोटी लोहचुंबकं तर पोरांमध्ये नेऊच नका, एकापेक्षा जास्त पोटात गेली तर आतडी एकमेकाला चिकटतात, थेट ऑपरेशनची वेळ येते. आणि तोंडातनं ब्लेड काढणे, नाणं गिळणे, आग, हे पोरांसमोर बंद. ती घरी जाऊन करून बघतात.

रबराची ट्रिक मी उघड सांगतो कारण ती पोरांना शिकवायचीच असते. मिसळीच्या पार्सलला कटाच्या पिशवीला रबर येतो बघा, तसला चालतो, फक्त आधी साबणानं धुवा नाहीतर हाताला तर्रीचा वास. रबर तर्जनी आणि मधल्या बोटात मुळाशी घालायचा, तळहात आपल्याकडं. दुसऱ्या हातानं ओढून एकदा सोडायचा, टप्प वाजला पाहिजे, म्हणजे पोरांना पटतं की दोनच बोटांत आहे. दुसऱ्यांदा ओढताना मूठ मिटायची आणि चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या रबराच्या आत घालायची. समोरनं मुठीची पाठ दिसते, तिथं रबर आपल्या जागेवर. आता बोटं झटकन सरळ केली की रबर उडी मारून अनामिका आणि करंगळीवर. मोठी पोरं, म्हणजे नऊ ते बारा वर्षांची, ज्यांना सगळं माहीत असतं आणि जी "बाहीत आहे, बाहीत आहे" ओरडत असतात, त्यांच्यावर हे रामबाण औषध. त्यातल्या म्होरक्याला बाजूला घ्यायचं, हळूच शिकवायचं आणि म्हणायचं आता तू माझा असिस्टंट, कुणाला सांगायचं नाही. तो गडी नंतर तुमच्या बाजूनं बाकीच्यांना गप्प करतो. त्याच्याशी वाद घालून त्याला चारचौघांत पाडायचा प्रयत्न केला तर मात्र संध्याकाळभर पिच्छा सोडत नाही, अनुभव आहे.

त्याच्याखालची, पाच ते आठची पोरं म्हणजे आपलं खरं गिऱ्हाईक. यांना जादूपेक्षा जादूगार चुकलेला जास्त आवडतो. मंत्र चुकीचा म्हणा, "छू वडा-रस्सा" वगैरे, पोरं किंचाळून दुरुस्त करतात. कांडी हातातनं पडली पाहिजे, उलटी धरली पाहिजे.

नाण्याबद्दल थोडक्यात. दहा रुपयाचं नाणं घ्या, २७ मिलिमीटर आहे, लांबनं दिसतं आणि दोन रंगाचं असल्यामुळं चमकतं, पाचचं लहान पडतं. कानामागनं काढायचं असेल तर आधी विचारायचं, "कानात काय आहे बघू का?" घाबरट पोराच्या कानाकडं हात नेला की ते आईच्या पदरात शिरतं आणि तुमचा अख्खा घोळका थंड. मी आता माझ्याच कोपरातनं काढतो. हात लावायचा तर फक्त तळहाताला, तो पण आईबाप समोर असताना.

फिरायचं कसं हे वेगळं शास्त्र आहे. हातात ताट असलेल्या माणसाकडं जायचं नाही, आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाला "एक जादू बघता का" विचारलं तर तो काय म्हणेल सांगायला नको. स्टेजवर आहेर द्यायला जी लाईन लागते ती सोन्याची खाण, पोरं कंटाळलेली, आईबाप वैतागलेले, कुणाला कुठं जायचं नाही. तिथं आधी आईला नजरेनं विचारायचं, मग पोराला नाव विचारायचं, मग बॉल काढायचा. एका घोळक्यात चार मिनिटं, तीन ट्रिका, आणि "अजून एक, अजून एक" चालू असतानाच निघायचं. डीजे चालू असेल तर तोंड बंद ठेवून करता येईल असंच करा, घसा बसवून घेऊ नका.

खिसे ठरवून ठेवा, माझा उजवा बॉलचा, डावा नाण्याचा, शर्टच्या खिशात रबर, मागं काही नाही. ट्रिक संपल्याबरोबर सगळं आपापल्या खिशात परत गेलं पाहिजे म्हणजे चालता चालता पुढचा घोळका तयार. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस आणि ओल यामुळं स्पंज चिकट होतो, फुगत नाही, म्हणून कार्यक्रम झाल्यावर कोमट पाण्यात शाम्पू टाकून धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली ठेवायचे. कधीकधी बायको विचारते हे लाल काय वाळत घातलंय.

पैशाचं आधीच बोलून घ्या, निम्मे ॲडव्हान्स, आणि किती वेळ ते तासात सांगा, "कार्यक्रम संपेपर्यंत" असं कधीच नको, आपल्याकडं कार्यक्रम कधी संपतो हे नवरदेवाला पण माहीत नसतं.

आणि निघताना बॉल मोजायचे. आठ नेले तर आठ परत यायला पाहिजेत. सात भरले तर बूट काढून परत आत जायचं, सतरंजीखाली, खुर्च्यांखाली बघायचं, आणि तिथं नाही सापडला तर जी पोरं अचानक शहाण्यासारखी गप्प बसलेली दिसतील त्यांच्या मुठी बघायच्या.