बीएसएफ अळी आणि निंबोळी अर्क: या चुका टाळा

"वास सुटलाय", "अळ्या मेल्या" आणि "अर्क फवारला, पण घाटे अळी (हरभरा-तुरीचे घाटे आणि शेंगा पोखरणारी) तशीच". टाकाऊ मालातून खत, कोंबड्यांचं खाद्य आणि फवारणी असं सगळं घरच्या घरी उभं करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या तिन्हींवर येतात. दोष बहुधा अळीचाही नसतो आणि निंबोळीचाही नसतो. अळ्यांच्या टबात काय गेलं, किती पाण्यासकट गेलं आणि कधी गेलं, एवढं नीट विचारलं तरी निम्म्या तक्रारी जागेवर मिटतात.

नवख्यांसाठी आधी थोडी ओळख. बीएसएफ म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय. ही मूळची अमेरिका खंडांतली काळी, लांबट माशी, आता आपल्याकडेही सगळीकडे सापडते. घरमाशीसारखी ती ताटावर येऊन बसत नाही, कारण मोठी झाल्यावर ती जवळपास खातच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगते, मीलन करते, अंडी घालते आणि संपते. खाण्याचं काम सगळं अळीचं. भाजीबाजारातला सडका माल, उष्टं-खरकटं, फळांच्या साली ती दोन-तीन आठवड्यांत फस्त करते. वाळवलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रथिनं असतात आणि मागे उरतं ते खत.

सगळ्यात मोठी चूक: पाणी

बाजार समितीतून आणलेला टोमॅटो, कोबी, दुधी, कलिंगड यांत 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो माल चिरडून थेट टबात ओतला की पाणी तळाला बसतं, तिथली हवा संपते आणि कुजका वास सुटतो. अळ्या मग खाणं सोडून वर येतात.

इथे अळीचा रंग बघा. भिंतीवर चढणाऱ्या अळ्या पांढुरक्या असतील तर टबात काहीतरी बिघडलंय: पाणी जास्त झालंय, आत तापलंय किंवा अमोनिया साचलाय. चढणाऱ्या अळ्या गडद तपकिरी, काळपट असतील तर काळजीचं कारण नाही. त्यांचं खाणं संपलेलं असतं आणि कोषात जाण्यासाठी त्या कोरडी जागा शोधत असतात. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी जण काळ्या अळ्या पुन्हा ओल्या मालात ढकलतात आणि पुढच्या पिढीचं बियाणं आपल्या हातानं बुडवतात.

ओलावा मोजायला यंत्र नको. मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त. रसाळ माल चिरडून रात्रभर गोणीत टांगून ठेवा, मगच टबात घाला. तरीही ओला वाटला तर भाताचा किंवा गव्हाचा कोंडा मिसळा, तो अळ्या खातातही. लाकडी भुसा आणि उसाचं पाचट ओल शोषायला बरं, पण ते अळीचं खाद्य नाही. त्यातला काष्ठभाग तिला पचत नाही. पाचटाने टब भरून "अळी वाढत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

वास मारायला चुना टाकण्याची सवय तर सोडूनच द्या. चुन्याने माल अल्कधर्मी होतो आणि त्यात बांधलेला नत्र अमोनिया होऊन उडतो. वास कमी व्हायच्या ऐवजी नाकाला झोंबू लागतो आणि खतातला नत्रही जातो.

गर्दी आणि जाड थर

स्वित्झर्लंडच्या ईवाग या संशोधन संस्थेने इंडोनेशियातल्या अनुभवावरून 2017 साली एक मार्गदर्शिका काढली. तिचं माप अजूनही सोयीचं आहे. 60 बाय 40 सेंटिमीटरचा साधा क्रेट, त्यात पाच दिवसांच्या 10,000 अळ्या आणि 12 दिवसांत मिळून 15 किलो ओला माल. तोही एकदम नाही, थोडा थोडा करून, आणि थर 5 सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे मात्र 200 लिटरचा ड्रम भरायचा आणि वरून अंडी टाकायची, हीच पद्धत रूढ झालीय. अळ्या खातात वरच्या थरात, खालचा माल तसाच सडत राहतो.

हेच माप कमाईच्या हिशेबालाही लावून बघा. पूर्ण वाढलेली अळी साधारण 200 मिलिग्रॅमची. दहा हजारांतली एकही मेली नाही असं धरलं तरी वजन भरतं दोन किलो, तेही ओलं. वाळवल्यावर त्याचं एक तृतीयांशच्या आसपास उरतं. अळीपालनाचं किट विकणारा 15 किलो कचऱ्यातून आठ-दहा किलो अळी मिळेल म्हणत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

अळ्यांच्या गर्दीची स्वतःचीही उष्णता असते. टबातलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. अळीला 27 ते 30 अंश मानवतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये टब ठेवले तर दुपारी अळ्या अक्षरशः शिजतात. त्या दोन महिन्यांत झाडाखाली किंवा गवती छपराखाली ठेवा, थर आणखी पातळ करा आणि खाद्य संध्याकाळी द्या.

चांगल्या चाललेल्या अळ्या एकदम मेल्या तर

ओलावा ठीक, ऊन नाही, मुंग्या नाहीत, तरी दोन दिवसांत सगळा टब थंड. अशा वेळी पहिला प्रश्न शेणाचा. अळ्यांना शेण घातलं होतं का? आणि जनावरांना गोचिडाचं इंजेक्शन कधी दिलं होतं?

गोचीड आणि जंतांसाठी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन जनावराच्या शेणातून बाहेर पडतं आणि तिथेही कीटक मारतं. शेणात वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या आणि शेणकिडे त्याला बळी पडतात हे जगभर पाहिलं गेलंय. बीएसएफ ही माशीच. औषध दिल्यानंतरचे काही आठवडे त्या जनावराचं शेण वेगळं ठेवा, टबात घालू नका. डेअरीतून शेण आणत असाल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय गाडी भरू नका. विचारायला कसला संकोच?

दुसरा प्रश्न निंबोळीचा. घरी अर्क काढणारे कपड्यात उरलेला चोथा "सेंद्रियच आहे की" म्हणून अळ्यांच्या टबात टाकतात. त्या चोथ्यात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं कीड रोखणारं मूळ द्रव्य, शिल्लक असतं. शेतातल्या अळीला ते कात टाकू देत नाही, तसं टबातल्या अळीलाही टाकू देणार नाही. अळ्या लगेच मरत नाहीत, त्यामुळे संशय येत नाही. त्या आकसतात, वाढ थांबते आणि काही अर्धवट कात टाकलेल्या अवस्थेतच राहतात. चोथा थेट झाडांच्या बुडाशी घाला. निंबोळी पेंड आणि कडुनिंबाचा पालाही टबापासून दूरच बरा.

तिसरी शक्यता म्हणजे फवारणी होऊन दोन दिवसांत बाजारात आलेला भाजीपाला. याचा माग काढणं अवघड. त्यावर एकच उपाय: नव्या ठिकाणचा माल आधी एका छोट्या डब्यात मूठभर अळ्यांना द्या, एक दिवस थांबा, मग मोठ्या टबात घाला.

माश्या आहेत, अंडी नाहीत

माश्यांना मीलनासाठी भरपूर उजेड लागतो, तोही उन्हाचा. बंद खोलीत साध्या ट्यूबलाइटखाली माश्यांची जाळी लावून बसणाऱ्यांना अंडी मिळत नाहीत. पावसाळ्यात ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत तेव्हा चांगल्या जाळीतही अंडी कमी होणारच. ते गृहीत धरा आणि थोडे कोष हाताशी राखून ठेवा.

मादी अंडी कुजक्या मालात घालत नाही, त्याच्या वासाजवळच्या कोरड्या फटीत घालते. म्हणून लाकडी पट्ट्या एकमेकींवर थोडी फट ठेवून बांधायच्या आणि मालाच्या वर, त्याला न टेकवता ठेवायच्या. पट्ट्या भिजल्या की मादी फिरकत नाही. आणि मांडणीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्याच. मुंग्यांना अंड्यांचा पत्ता लागायला एक रात्र पुरते.

खत ताजं घातलं आणि रोपं पिवळी पडली

अळ्या चाळून काढल्यावर खाली उरतं ते तपकिरी, दाणेदार, दिसायला अगदी तयार खत. पण ते अजून कच्चं असतं. त्यात अमोनिया असतो, कुजण्याची क्रिया चालू असते आणि रोपवाटिकेतल्या कोवळ्या मुळांना ते भाजतं. ढीग करून, ओल राखून, अधूनमधून वरखाली करत काही आठवडे मुरू द्या. ढीग थंड झाला आणि वास मातीसारखा येऊ लागला की गांडुळांच्या बेडवर घातला तरी चालतो. त्याआधी घातलात तर गांडुळं बेड सोडून जातील.

खात्री नसेल तर मेथी पेरून बघा. एका वाटीत नुसती माती, दुसरीत मातीत थोडं हे खत. दुसरीतली मेथी मागे पडली किंवा उगवलीच नाही तर खत अजून थांबायला हवं.

कोंबड्यांबद्दल थोडक्यात. कोंबडीखतावर वाढवलेली अळी पुन्हा कोंबड्यांनाच घालू नका, रोगाचा फेरा तिथूनच सुरू होतो. अळ्या उकळत्या पाण्यातून काढून मगच वाळवा. सांडपाण्याचा गाळ किंवा कारखान्याचा अनोळखी कचरा खाद्य म्हणून मुळीच नको, कारण कॅडमियम अळीच्या अंगात साठत जातं. युरोपीय संघाने 2017 मध्ये मत्स्यखाद्यात आणि 2021 मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटक प्रथिनांना परवानगी दिली, पण त्या कीटकांना हॉटेलचं उष्टं घालायला अजूनही बंदी आहे. आपल्याकडे नेमकं तेच उष्टं फुकट मिळतं म्हणून धंदा सुरू होतो. अशी अळी विकायची असेल तर घेणाऱ्याला ती कशावर वाढलीय ते आधी सांगा.

निंबोळी अर्काचं गाडं कुठे अडतं

1959 साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं तेवढी राहिली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं, तेही टोळांचं खाणं थांबतं का हे बघत बघत. हा रेणू इतका गुंतागुंतीचा की तो प्रयोगशाळेत घडवायला 22 वर्षं लागली, 2007 मध्ये केंब्रिजमध्ये जमलं. आणि आपण तो एका चुकीच्या बादलीत तासाभरात मोडून टाकतो.

कसा मोडतो? उन्हाने, उष्णतेने आणि अल्कधर्मी पाण्याने. अर्क लवकर उतरावा म्हणून निंबोळी उकळत्या पाण्यात टाकणारे आहेत. बोअरचं खारट, जड पाणी वापरणारे तर घरोघरी. अझाडिरॅक्टिन टिकतं ते किंचित आम्ल पाण्यात, सामू (पीएच) 4 ते 6 असताना. सामू आकड्यात दाखवणारा पीएच कागद कृषी सेवा केंद्रात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो, पाणी एकदा तपासा. सामू वर असेल तर थोडं सायट्रिक ॲसिड घालून खाली आणा. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) किंवा चुना असलेल्या कुठल्याही फवाऱ्यात अर्क मिसळू नका.

साबणही अल्कधर्मीच, पण अर्क पानावर पसरायला तो लागतो. म्हणून तो शेवटी घालायचा आणि लगेच फवारायचं. पाच टक्के अर्काचं प्रमाण असं: 5 किलो निंबोळीची भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. दुसऱ्या दिवशी कपड्यातून गाळायची, 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा आणि 90 लिटर पाण्यात मिसळायचं. भरड करताना तेल सुटेल इतकी कुटायची नाही. आणि उरलेला अर्क उद्यासाठी ठेवायचा नाही.

निंबोळी कुठली, हाही प्रश्न असतोच. जून-जुलैत पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवल्या पाहिजेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या बांधल्या की बुरशी धरते, आणि ती बुरशी अर्काबरोबर शेतात जाते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस तीन ते आठ महिने जुन्या निंबोळीची आहे. म्हणजे यंदा वेचलेली निंबोळी सप्टेंबर ते फेब्रुवारीत कामाची. तुरीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या घाटे अळीचा काळ नेमका तोच. कोपऱ्यात दोन वर्षं पडलेली गोणी मात्र खतात टाका, अळ्यांच्या टबात नाही.

आता "फवारलं, पण अळी तशीच" या तक्रारीकडे. निंबोळी अर्क झटक्याने मारणारं औषध नाही. अळी खाणं सोडते, कात टाकताना अडकते, मग मरते. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन हलणारी अळी बघून "काही उपयोग नाही" म्हणत रासायनिक औषधाचा डबा उघडायची घाई करू नका. तीन-चार दिवसांनी जा आणि अळी मोजण्याऐवजी पानांखाली ताजी विष्ठा आहे का ते बघा. ती कमी झाली असेल तर खाणं थांबलंय. अळी बोटभर झाल्यावर मात्र अर्काने फारसं साधत नाही. फवारणी फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच, अंडी आणि बारीक अळ्या दिसताच, आणि ऊन उतरल्यावर करायची.

दशपर्णी अर्काचा, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या अर्काचा, विषय वेगळा लिहावा लागेल, पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. त्यात धोतरा आणि कण्हेर घालणारे हातमोजे न घालता पाला ढवळतात, तेच भांडं पुन्हा गोठ्यात वापरतात. दोन्ही झाडं माणसाला आणि जनावराला विषारीच, कुजवली म्हणून निर्धोक होत नाहीत. तंबाखूचा काढाही तसाच. निकोटीन सल्फेट वापरायला देशात बंदी आहे, ती उगाच नाही. पाला ढवळायचा ड्रम वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा, आणि फवारलेली पालेभाजी त्याच आठवड्यात बाजारात नेऊ नका.