ई-रीडरवर मराठी वाचन शिकवताना या चुका टाळा

बडोद्यातील मराठी घरांतली पुष्कळ मुले आज इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात आणि मराठी वाचायला शिकतात ती घरी, आजी-आजोबांकडे किंवा सुटीच्या दिवशी भरणाऱ्या एखाद्या वर्गात. पुण्या-मुंबईइतकी मराठी पुस्तके येथील दुकानांत सहज मिळत नाहीत, त्यामुळे अशा मुलांच्या हाती ई-रीडर, म्हणजे डिजिटल पुस्तके वाचण्याचे यंत्र, देण्याचा विचार योग्यच आहे. मात्र अनेकदा ते यंत्र थोड्याच दिवसांत कपाटात जाते आणि मुलांना वाचनाची गोडीच नाही, असे मोठी माणसे ठरवून टाकतात. माझ्या मते हा मुलांवर अन्याय आहे, कारण दोष बहुतेक वेळा यंत्रात भरलेल्या फाइलचा असतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे छापील पुस्तकाची पीडीएफ जशीच्या तशी ई-रीडरवर टाकणे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, पण त्यांची मांडणी मोठ्या रंगीत पानासाठी केलेली असते. ते पान सहा इंची, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बसवले की अक्षर बारीक होते, आणि अक्षर मोठे करावे तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाऊन मुलाला प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. त्या लिपीची सवय झालेल्या मुलाला शिरोरेषेखाली दाटीने बसलेली ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्य’ ही जोडाक्षरे बारीक टंकात (फॉण्टमध्ये) ओळखणे आधीच जड जाते. म्हणून गोष्टी आणि सलग मजकूर यांसाठी ईपब स्वरूपातील पुस्तक घ्यावे, ज्यात अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. चित्रमय पाठ्यपुस्तक मात्र टॅबलेटवर किंवा कागदावरच वाचू द्यावे.

ईपब मिळाले म्हणजे काम झाले, असेही नाही. ‘विठ्ठल’ हा शब्द उघडून पाहावा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटली असेल किंवा ‘ठ्ठ’ फुटून दोन ‘ठ’ सुटे दिसत असतील, तर यंत्राला देवनागरीची जुळणी नीट करता येत नाही. अशा वेळी यंत्राची प्रणाली अद्ययावत करावी आणि टंकाच्या यादीतून देवनागरीसाठीचा दुसरा टंक निवडून पाहावा. वर्तुळ नसून सगळीच अक्षरे निरर्थक दिसत असतील, तर मजकूर युनिकोड (सर्व यंत्रांना समजणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या काळातील जुन्या फॉण्टमध्ये आहे आणि तो युनिकोडमध्ये बदलून घेण्यावाचून गत्यंतर नाही. स्कॅनवरून संगणकाने वाचून काढलेल्या मजकुरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल सर्रास होते, आणि नवशिके मूल तीच चूक शुद्धलेखन म्हणून मनात धरते. त्यामुळे फाइल मुलाला देण्यापूर्वी मोठ्या माणसाने निदान एक प्रकरण डोळ्यांखालून घालावेच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, त्यात गावोगावी निवडक पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. ई-रीडरमध्ये काय भरायचे, याचीही निवड तितक्याच काळजीने व्हायला हवी.

वर्गात आणखी एक अडचण हमखास येते. शिक्षिका ‘बेचाळिसावे पान उघडा’ म्हणतात आणि प्रत्येक मुलाच्या पडद्यावर वेगळाच मजकूर असतो, कारण अक्षराचा आकार बदलला की पानांची संख्याही बदलते. त्यामुळे प्रकरणाचे नाव आणि परिच्छेदाचे पहिले शब्द सांगावेत. अनेक यंत्रे एकाच खात्यावर चालवली जात असतील, तर ‘शेवटचे वाचलेले पान’ जुळवण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर पुढे गेलेल्या मुलाचे पान मागच्या मुलासमोर येऊन उभे राहते.

फाइलींच्या देवाणघेवाणीबाबतही सावध राहावे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हयात लेखकाच्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरवणे हा त्या लेखकाच्या कष्टावर घाला आहे. लोकमान्य टिळकांसारख्या जुन्या लेखकांचे मूळ साहित्य हक्कमुक्त आहे, ते निर्धास्तपणे वापरावे.

राहिला उन्हाळा. अनेक ई-रीडरच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान सांगितलेले असते, आणि बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर सहज जातो. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छताखालच्या कपाटात यंत्र ठेवू नये. शाळेला सुटी लागताना बॅटरी पूर्ण संपवून यंत्र बंद करण्याऐवजी ती साधारण निम्मी भरलेली ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा तपासून पुन्हा तितकी भरावी.