पूररेषेत घरं बांधायचा प्रस्ताव आलाय? हरकत अशी घ्या

सगळ्यात आधी प्रस्तावाचा नकाशा मिळवा आणि पूररेषा (पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं ती रेषा) आणि संरक्षित पाणथळीची हद्द कुठून जाते ते स्वतः बघा, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. १०० वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर असं नसतं बरं का, दरवर्षी १ टक्का शक्यता असते आणि ३० वर्षांच्या होम लोनच्या काळात ती साधारण २६ टक्के होते, हा आकडा सुनावणीत नक्की मांडा.

मोठा पाऊस झाला की पाणी ओसरल्यावर लगेच जागेवर जा, झाडांच्या खोडावर गाळाची रेघ दिसते, कुंपणाच्या तारेत गवत आणि प्लास्टिक अडकलेलं असतं, तिथे मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख टाका. जुन्या रहिवाशांना पण विचारा.

बांधणारे भराव टाकून जागा उंच करू म्हणतील, तर विचारा की आज इथे साठणारं पाणी मग कुठे जाणार? ते शेजारच्या सखल घरांतच शिरतं हो!

हरकत लेखी, मुदतीत, आणि पोच घ्याच. घरांची गरज खरी आहे, ती नाकारू नका, जवळपासची उंचावरची मोकळी जागा दाखवा.