दम आधी येतो, पोटऱ्या मागून: बऱ्याच वर्षांनी पाच-दहा किलोमीटर पळणाऱ्यांनी या चुका टाळा

कॉलेजात असताना सोलापूरच्या पार्क मैदानावर घाम गाळलेला माणूस नोकरी, लग्न, पोरंबाळं यांत दहा-बारा वर्षं धावणं विसरतो. मग कधीतरी मित्राच्या स्टेटसवर मेडल दिसतं आणि हा दहा किलोमीटरची नोंदणी करून मोकळा होतो. इथवर सगळं ठीक. घोटाळा होतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तोही सगळं छान चाललेलं असताना.

धाप लागत नाही म्हणून अंतर वाढवणं

धावणं सुटलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, कमी होतो. कसलेल्या धावपटूचीही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांत १५ टक्क्यांच्या आसपास घसरते. पण जे लवकर जातं ते लवकर परतही येतं. महिनाभर नेमानं धावलं की संभाजी तलावाच्या बाजूनं जाताना धाप लागेनाशी होते आणि गडी खूश होतो.

इथेच तो फसतो. टाचेमागचा स्नायुबंध, तळपायाचा पडदा, नडगीचं हाड यांना तो वेग मानवत नाही. हाडाचा एखादा भाग झिजून पुन्हा नव्यानं भरायलाच तीन-चार महिने लागतात आणि स्नायुबंधांचंही काम तसंच सावकाश चालतं. छाती ‘चल’ म्हणते तेव्हा पोटरी अजून तयार नसते, आणि चाळिशीपुढच्या माणसाची पोटरी तर बऱ्याचदा दगा देते.

म्हणून पहिले चार आठवडे कंटाळवाणे असले तरच बरोबर चाललंय असं समजा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, एकूण अर्धा तास. हळूहळू धावण्याची मिनिटं वाढवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. ‘हो’, ‘बरं’ एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. सलग अर्धा तास आरामात धावता आलं की लगेच पुढे उडी न मारता दोन-तीन आठवडे तिथेच थांबा. सोबत एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या. खरं सांगायचं तर महागड्या घड्याळापेक्षा ही पायरी जास्त उपयोगी पडते.

आणखी एक बारीक गोष्ट. होटगी रोड असो की विजापूर रोड, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं पळालात तर एकाच पायावर ताण येतो. म्हणून एक-दोन दिवस तरी होम मैदानासारख्या सपाट जागी धावा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र तिथे ना जागा, ना धुळीत श्वास घ्यायची सोय, तेव्हा संक्रांतीच्या आसपासची शर्यत असेल तर दुसरी जागा आधीच बघून ठेवा.

दुखणं ओळखताना होणारी गल्लत

धावल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या भरून येणं हे दुखणं नव्हे, दोन-तीन दिवसांत ते जातं. पण पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा आणि रिक्षा करून घरी या. ‘ताणून मोकळी करतो’ म्हणून लगेच जोर लावू नका, स्नायू फाटलेला असेल तर तो आणखी फाटतो. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच ठणकते, मग सुटते? बहुधा तळपायाच्या पडद्याची तक्रार आहे. अंतर कमी करा, घरातही फरशीवर अनवाणी फिरू नका. नडगीच्या आतल्या कडेनं लांबपर्यंत दुखत असेल तर आठवडाभर चालण्यावर या. एका बोटानं दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा धावणं पूर्ण बंद ठेवा आणि तपासून घ्या. दुखणं दाबायला गोळी घेऊन शर्यतीला उभं राहण्याची सवय तर फार वाईट. उन्हात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात.

छातीत दाब किंवा धावताना चक्कर यांचा इलाज सरावात शोधू नये. बीपी, शुगर असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टर गाठा.

जुनी वेळ उराशी धरणं

‘मी दहा किलोमीटर ४८ मिनिटांत मारायचो.’ मारत असाल, पण ती वेळ आता कपाटातल्या सर्टिफिकेटवर राहू द्या. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर जोरात पळून आजची वेळ काढा. समजा ३० मिनिटं आली. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडा जास्त लागतो, साधारण २.०८ पट. म्हणजे दहा किलोमीटरला साडेबासष्ट मिनिटांच्या आसपास, किलोमीटरला सव्वासहा मिनिटं. ४८ मिनिटांच्या हिशोबानं सुरुवात केलीत तर पहिला किलोमीटर ४ मिनिटं ४८ सेकंदांत जाईल, आणि तिसऱ्या किलोमीटरला कडेच्या चहाच्या गाड्यावर बसलेली मंडळी तुमच्याकडे काळजीनं बघतील.

मला विचाराल तर पहिली शर्यत पाच किलोमीटरचीच असावी. ग्रुपमधले सगळे हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनला, नाव देतात म्हणून आपणही द्यायचं, यात शौर्य नाही. पाच किलोमीटरही जोरात पळायला सोपं नसतं, पण त्यातून आठवड्यात सावरता येतं.

सोलापूरच्या उन्हाशी पैज

मार्चपासून इथे ऊन मी म्हणतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. थंडीत जो वेग सहज होता त्याच वेगाला आता नाडी जास्त पळते, कारण घाम गाळून अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं. शरीराला उष्मा अंगवळणी पडायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस घड्याळ बघू नका, श्वासावर धावा. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, म्हणून पहाटच बरी. पहाटे कुत्री मागे लागतात हे खरंय. तेव्हा पळू नका, थांबा आणि चालायला लागा.

बूट आणि भाकरी

माळ्यावरचे जुने बूट नकोत. इथल्या उष्म्यानं गोंद सुटतो, तळव्याचा फोमही टणक होतो. आणि पुनरागमनालाच कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्यात कडक पट्टी बसवलेले, बूट तर अजिबात नकोत, त्यानं तळपाय आणि पोटरीवर सवयीबाहेरचा ताण येतो. आदल्या रात्री झणझणीत रस्सा आणि शेंगाचटणी आवरा. शर्यतीच्या सकाळी कडक भाकरीऐवजी दीड-दोन तास आधी एखादं केळं पुरे.

शर्यतीच्या दिवशी

पुढच्या रांगेत घुसू नका. नंबरला किंवा बुटाला वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची वेळ बहुधा तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून मोजली जाते, त्यामुळे मागे उभं राहिल्यानं काही बिघडत नाही. पहिला किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दहा सेकंद हळू काढा. वळणावर बाहेरच्या बाजूनं गेलात की अंतर वाढतं. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेनं मोजलेला असतो. शेवटी घड्याळात दहाऐवजी १०.१५ दिसलं म्हणून आयोजकांशी भांडू नका.

नंतरचे दोन-तीन दिवस चालणं, आठवडाभर जोराचं काही नाही. पुढच्या रविवारच्या शर्यतीचं फलक कितीही खुणावत असलं तरी सकाळच्या पहिल्या पावलांना टाच आणि पोटरी काय म्हणते ते आधी बघा, नोंदणी नंतर.