मोरचूद, चुना आणि पाणी: बोर्डोचं प्रमाण मोबाइलवर ताडून बघा

रोहिणी नक्षत्र लागलं की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या संत्रा बगीच्यांत बोर्डोची, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), चुना आणि पाणी कालवून केलेल्या बुरशीनाशकाची तयारी सुरू होते. हीच खरी वेळ. डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशी जमिनीत दबा धरून असते आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीबरोबर बुंध्यावर येते. म्हणून बुंधा पहिल्या पावसाआधीच राखायला हवा.

आधी एक घोळ मिटवू. बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट १:१:१० असते, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लीटर पाणी. फवारणीचं एक टक्का बोर्डो मिश्रण १:१:१०० असतं. सामान तेच, पाणी दहापट. पेस्टचं माप फवारणीला गेलं तर नवती (कोवळी पालवी) करपते, आणि फवारणीचं मिश्रण बुंध्याला लावलं तर ते नुसतं ओघळून जातं.

खरी अडचण पाठीवरच्या पंपाशी येते. शिफारस १०० लीटरची, पंप १५ किंवा १६ लीटरचा. मग अंदाजाने मुठी पडतात. त्यापेक्षा मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडा. १००० ग्रॅम गुणिले १५, भागिले १००. उत्तर १५० ग्रॅम मोरचूद, आणि चुनाही तेवढाच. १६ लीटरला १६० ग्रॅम, २०० लीटरच्या ड्रमला २ किलो.

समजा मजुराने १५ लीटरला २०० ग्रॅम टाकलं. हे १०० लीटरला १ किलोच्या बरोबरीचं आहे का? तिरका गुणाकार करा: १००० × १५ = १५,०००, आणि २०० × १०० = २०,०००. दोन्ही आकडे जुळले तरच प्रमाण एक. इथे मिश्रण तिसऱ्या हिश्श्याने जड झालंय, आणि कोवळ्या पानांवर ते सोसत नाही. तोलकाट्यावर ५ ग्रॅम इकडेतिकडे झाले तर जीव टांगणीला लावू नका, पण ५० ग्रॅमचा फरक सोडू नका.

भागाकारानेही ताडता येतं, पण मी गुणाकारच सुचवतो. १०० भागिले १५ केलं की पडद्यावर ६.६६६६६६७ येतं. वहीत कुणी ६.६ लिहितं, कुणी ६.७, आणि एकच असलेली दोन प्रमाणं वेगळी वाटू लागतात. गुणाकारात आकडे पूर्ण येतात, वादाला जागाच राहत नाही. एक पथ्य मात्र पाळा: दोन्हीकडे एकच एकक हवं. एकीकडे किलो आणि दुसरीकडे ग्रॅम घेतले तर कॅल्क्युलेटर बिचारं काय करणार?

मोरचूद, चुना, पाणी अशी तीन पदं असली की दोनदा ताडा. आधी मोरचूद आणि चुना, मग मोरचूद आणि पाणी. बहुतेक जण दुसरं बघतात आणि पहिलं विसरतात. चुना कमी पडला की मोकळं तांबं राहतं, आणि पानं जाळतं ते तेच.

औषधाच्या डब्यावर १० लीटरला २५ ग्रॅम लिहिलेलं असेल आणि शेजारी ड्रमला ५०० ग्रॅम सांगत असेल, तरी हीच रीत. ड्रम २०० लीटरचा असेल तर २५ × २०० आणि ५०० × १०, दोन्ही ५,०००. म्हणजे शेजाऱ्याचं बरोबर आहे.

खताच्या पिशवीवर मात्र प्रमाण जुळलं म्हणून मात्रा जुळली असं धरू नका. १९:१९:१९ आणि २०:२०:२० (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी) यांचं प्रमाण एकच, पण किलोमागे मिळणारं अन्नद्रव्य वेगळं.

आता कालवणं. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात, निम्म्या पाण्यात विरघळवा. लोखंडी भांडं नकोच. चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात भिजवून गाळून घ्या, आणि दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. चुना जुना, हवा लागलेला असेल तर आकडे जुळूनही मिश्रण बिघडतं. म्हणून लोखंडी सुरी त्यात थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, आणि पातं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा बघा. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवा.