कललेला हिममानव सरळ केला त्याची गोष्ट

अंगणातला आमचा हिममानव दुपारपासून दक्षिणेकडे कलायला लागला. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचं ऊन त्याच बाजूने येतं, म्हणून तिकडचा बर्फ आधी खचतो. मान तर सगळ्यात लवकर बारीक होते.

संध्याकाळी तापमान शून्याच्या आसपास होतं, म्हणजे बर्फ ओलसर, मुठीत दाबला की चिकटणारा. तोच कललेल्या बाजूला आणि मानेच्या खाचेत ठासून भरला. (कडाक्याच्या थंडीतला कोरडा, भुसभुशीत बर्फ या कामाला निरुपयोगी, पिठासारखा बोटांतून गळतो.) रात्री पारा शून्याखाली गेल्यावर फवाऱ्याने बारीक पाणी मारलं. बादलीने ओतू नका, खड्डे पडतात. सकाळी वर कडक कवच तयार! डोळ्यांचे कोळसे मात्र काढले, कारण काळी वस्तू ऊन शोषते आणि स्वतःभोवतीचा बर्फ वितळवत आत शिरते. त्याजागी फिकट लाकडाचे तुकडे बसवले.

मफलर राहू दिला. तो बर्फाला ऊब देत नाही, उलट बाहेरची उष्णता अडवतो.

उन्हाला तो पुरून उरला, पण दमट, उबदार वाऱ्याने गेला. हवेतली वाफ बर्फावर पाणी होऊन बसताना बरीच उष्णता सोडते. त्यावर माझ्याकडे तरी उपाय नाही.