सॅन स्विचवर हार्ड झोनिंग कसं करावं

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं दाटीनं उभी आहेत. तिथे सर्व्हर आणि स्टोरेज सॅन नावाच्या वेगळ्या नेटवर्कनं जोडलेले असतात, आणि कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं हे सॅनच्या स्विचवर ठरवणं म्हणजे झोनिंग. नव्यानं लागलेली मुलं बहुतेक वेळा सीनियरची जुनी कमांडची फाईल समोर ठेवूनच ते शिकतात. कमांड चालली, डिस्क दिसली की काम झालं. पण झोनचा नियम स्विचचं हार्डवेअर पाळतंय का, हे तपासायचं राहून जातं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सॉफ्ट झोनिंगमध्ये नेम सर्व्हर, म्हणजे स्विचमधली जोडलेल्या उपकरणांची नोंदवही, फक्त यादी लपवतो. सोसायटीच्या बोर्डावरून नाव पुसलं, पण गेटवर वॉचमनच नाही, असा प्रकार. स्टोरेजचा २४ बिटांचा पत्ता ज्याला माहीत आहे, तो सर्व्हर थेट फ्रेम (डेटाचं पाकीट) पाठवू शकतो. हार्ड झोनिंगमध्ये पोर्टची चिप प्रत्येक फ्रेम तपासते आणि नियमाबाहेरची तिथेच टाकून देते.

पुढच्या पायऱ्या ब्रोकेड स्विचच्या आहेत.

१. आधी कॉन्फिगअपलोड कमांडनं चालू कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या. बदल ठरलेल्या चेंज विंडोतच, म्हणजे बदलासाठी राखून ठेवलेल्या वेळेतच करा.

२. सर्व्हरच्या एचबीएचा (सॅनला जोडणाऱ्या कार्डाचा) पोर्ट डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे त्या पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक घ्या, नोडचा (अख्ख्या उपकरणाचा) नको. तो १६ हेक्स अंकांचा असतो. स्टिकर बघून हातानं टाइप करू नका, नेम सर्व्हरची यादी दाखवणाऱ्या एनएसशोच्या आउटपुटमधून कॉपी करा. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी स्विच तक्रार करत नाही. झोन बनतो, डिस्क मात्र दिसत नाही, आणि मग रात्रभर केबल बदलत बसावं लागतं.

३. अलीक्रिएटनं प्रत्येक डब्ल्यूडब्ल्यूएनला अलियास, म्हणजे वाचायला सोपं नाव द्या. नावात सर्व्हर आणि एचबीए क्रमांक दोन्ही असू द्या.

४. झोनक्रिएटनं झोन बनवा. एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (सर्व्हरचा एचबीए पोर्ट) आणि त्याला लागणारे टार्गेट (स्टोरेजचे पोर्ट).

५. सीएफजीॲडनं तो चालू कॉन्फिगमध्ये (झोनच्या संचात) घाला, सीएफजीसेव्ह करा, मग सीएफजीएनेबल. एनेबल करताना नाव दोनदा वाचा: चुकीचा कॉन्फिग चालू झाला, तर जुने झोन एका झटक्यात जातात आणि चालू डेटाबेस स्टोरेजपासून तुटतात.

आता ती तपासणी. पोर्टझोनशो चालवा. आपल्या पोर्टसमोर 'हार्ड डब्ल्यूडब्ल्यूएन' किंवा 'हार्ड पोर्ट' दिसलं पाहिजे. 'सेशन बेस्ड' दिसलं, तर तोच पोर्ट कुठे डोमेन-पोर्ट क्रमांकानं (कोणता स्विच, त्यावरचा कोणता पोर्ट) आणि कुठे डब्ल्यूडब्ल्यूएननं झोनमध्ये आलेला असतो. अशा वेळी चिप प्रत्येक फ्रेम अडवत नाही, फक्त लॉगिनच्या वेळी पाहणी होते. म्हणून पूर्ण फॅब्रिकमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सगळ्या स्विचांत, एकच पद्धत ठेवा. मी डब्ल्यूडब्ल्यूएन सुचवीन: केबल दुसऱ्या पोर्टला लावली तरी झोन टिकतो. एचबीए बदलला की अलियास बदलावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. झोन व्हॅलिडेट केल्यावर एखाद्या सदस्यापुढे तारा दिसला, तर तो फॅब्रिकमध्ये नाहीच. बहुधा अंक चुकलाय.

डीफझोन, म्हणजे कोणताच कॉन्फिग चालू नसताना लागू होणारा नियम, 'नोॲक्सेस' करून ठेवा. नाहीतर कधी कॉन्फिग डिसेबल झाला, तर सगळ्यांना सगळं उघडं होतं.

झोनिंग झालं तरी स्टोरेजवरचं लन मास्किंग, म्हणजे कोणती डिस्क कोणत्या सर्व्हरला द्यायची हे स्टोरेजवर ठरवणं, लागतंच. एक दुसऱ्याला पर्याय नाही. आणि एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून ठेवलेली ए व बी, ही दोन्ही फॅब्रिक एकाच दमात बदलू नका. ए करा, सर्व्हरवर मल्टिपाथचे (एकाच डिस्ककडे जाणारे) सगळे मार्ग ॲक्टिव्ह आहेत का बघा, मगच बी ला हात लावा.